कडेची उजळ रेघ

खेचराच्या एका खेळण्याला जखमी करायला बाबांना सरासरी एक तास पन्नास मिनिटं लागत. हे मी मोजलं आहे. पहिल्या महिन्यात मी त्यांच्याशेजारी बसून एकशे बारा खेळण्यांची वेळ लिहून घेतली होती, कारण आमच्या प्रयोगशाळेला महिन्याला किती खेळणी मिळतील हे सांगायचं होतं.

खेळणं वीतभर लांबीचं, प्लॅस्टिकचं, चार पायांचं. खरं खेचर वासराएवढं असतं. त्याला डोकं नसतं. पुढच्या बाजूला दोन कॅमेरे आणि पाठीवर स्ट्रेचर अडकवायची चौकट. उत्तरेकडच्या उंच खिंडीत सामान वर नेणं आणि जखमी माणसं खाली आणणं एवढीच त्याची दोन कामं. संचलनात ते पहिल्यांदा टीव्हीवर दिसलं आणि दोन महिन्यांत त्याची खेळणी जत्रेत आली. प्रयोगशाळा ती खोक्यांनी विकत घेऊन सावंतवाडीला बाबांकडे पाठवायची. बाबा त्यांच्यावर छऱ्यांचे व्रण, स्फोटाची काजळी, तडे, ओघळलेलं तेल असं सगळं रंगवायचे आणि खोकी पुण्याला परत जायची.

बाबांचं नाव वासुदेव चितारी. चितारआळीत आमच्या घरी तीन पिढ्या लाकडी फळं रंगवली जातात. बाबांची सीताफळं पर्यटक अंगठ्यानं दाबून बघायचे, पिकलंय का म्हणून. त्यांच्या हाताला हे नवं काम मीच मिळवून दिलं. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं, प्रकाश हा माझा विषय, आणि प्रयोगशाळेत लागल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मी म्हणाले की असं रंगवणारा एक माणूस माझ्या माहितीत आहे.

शेजारचे नाना मेस्त्री रोज दारात उभे राहून चेष्टा करायचे. "वासू, तुझा आंबो बघून तोंडाक पाणी येय. आता ही तुझी यंत्रा बघून आयोडीन लावूशी वाटता."

"लाव," बाबा मान वर न करता म्हणायचे. "पण रंग सुकांदे, मगे."

खेळणी कशासाठी, हे सांगायला हवं.

खिंडीत एका खेचराला मार बसला, तर ते पुढे चालण्याच्या लायकीचं आहे की नाही हे पटकन ठरवावं लागतं. सांध्यांत वजन मोजणारे संवेदक असतात, पण ते फक्त सांध्यातलंच सांगतात. सांधे ठीक आणि मांडीच्या कवचाला तडा, असं असेल तर संवेदकाला काही कळत नाही. म्हणून जखमी माणूस पाठीवर चढवला की दुसरं खेचर त्या खेचराभोवती एक फेरी मारतं, फोटो काढतं आणि 'पारख' नावाची आमची प्रणाली शून्य ते शंभर यांतला एक आकडा देते. वीसच्या खाली असेल तर चालेल. साठच्या वर असेल तर थांबव. मधलं असेल तर माणसानं बघायचं.

पारखला हे शिकवायला हजारो फोटो लागतात, आणि तितकी खरी खेचरं फोडून टाकणं कुणालाच परवडत नाही. संगणकानं तयार केलेली चित्रं वापरून बघितली होती. ती फार स्वच्छ निघाली. खऱ्या पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो, थोडा आत शिरून परत येतो, शेजारच्या वस्तूचा रंग उचलून आणतो. हे सगळं गणितात बसवताना काहीतरी राहून जायचं. खेळण्याचं तसं नाही. रंग खरा, दिवा खरा, भिंगही खरं. एक खेळणं फिरत्या तबकडीवर ठेवून, दिवे बदलत मी त्याचे बाराशे फोटो काढायचे. बाबांनी तीन वर्षांत चार हजारांच्या वर खेळणी रंगवली. पारखचे डोळे म्हणजे बहुतांशी बाबांचा हात होता.

माझा धाकटा भाऊ गौरेश सैन्यात होता, त्याच खिंडीत. एकोणीस ऑक्टोबरला तो गेला. सैन्याच्या पत्रात लिहिलं होतं की पोटरीला छर्रा लागल्यामुळे त्याला खेचरावरून खाली आणलं जात असताना शत्रूच्या तोफखान्याच्या माऱ्यात त्याचा मृत्यू झाला. 

तेराव्याला एकशे चाळीस पानं उठली. मला ती संख्या आठवते कारण पत्रावळी मी मोजून ठेवल्या होत्या आणि सहा उरल्या. बाबा ओसरीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होते.

"थय माणूस पोचूक शकला नसता. यंत्र पोचला. माझ्या रंगान शिकलेल्या यंत्रान तेका उचलल्यान. तोफेच्या पुढे कोणाचा काय चलता?"

लोक मान हलवत होते. आई आत भांडी लावत होती. चौदाव्या दिवशी मी पुण्याला कामावर गेले. मला काही होत नव्हतं. भूक लागत होती, झोप येत होती. इरफान अत्तार माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्यानं पहिल्या दिवशी माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाला, "मिताली, काही लागलं तर सांग." मी त्याला तबकडीच्या मोटरला तेल लागेल असं सांगितलं.

दर तिमाहीला खिंडीतून खऱ्या तपासण्यांचे फोटो आमच्याकडे येतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीनशे अठरा आले. ज्या खेचरांना पारखनं 'चालेल' म्हटलं आणि तरी ती वाटेत पडली, ती वेगळी काढायची असतात. तशी तीन निघाली. दोन घसरून पडली होती. तिसरं सत्तेचाळीस क्रमांकाचं. एकोणीस ऑक्टोबर, दुपारी चार वाजून अकरा मिनिटं. त्या दिवशी त्या चौकीवरून एकच जखमी खाली पाठवला गेला होता.

मी नोंद वाचली. निघताना पारखचा आकडा सात. चारशे दहा मीटर चालल्यावर मागचा डावा पाय मांडीत मोडला. उतार अडतीस अंश. त्या वेळी आसपास मारा चालू होता हेही खरं होतं, पण जवळचा गोळा सातशे मीटरवर पडला होता.

फोटो उघडला. मांडीचं कवच मधोमध होतं. डाव्या कडेला स्ट्रेचरचा भाग येत होता. तो मी खिडकी सरकवून पडद्याबाहेर ठेवला. तडा शोधायला मला चाळीस सेकंद लागली. तो होता. बोटभर लांब, तिरका, केसाएवढा रुंद. खेचरांचे पहिले पाय पोलादाचे होते. पोलादावरचा रंग उडाला की आतला धातू चकाकतो. दीड वर्षापूर्वी पाय कार्बनतंतूंचे झाले. कार्बनतंतू बाहेरून काळा आणि आतूनही काळाच. तडा गेला तरी काही चमकत नाही. काळ्यावर काळं.

मी त्या फोटोची प्रत केली आणि तड्याच्या वरच्या कडेला एक फिकट रेघ ओढली. तीन ठिपके जाडीची. पारखला दाखवली. त्र्याण्णव.

रेघ पुसली. सात.

मग एका धडधाकट पायाचा फोटो घेतला. तडा नाही, काही नाही. नुसती रेघ ओढली. अठ्ठ्याऐंशी.

ती रेघ मला माहीत होती. आमच्या आळीत सगळे ती ओढतात. लहान वस्तूवर खरी खोली दिसत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा खळगा वीतभर खेळण्यावर आणला तर तो डोळ्याला जाणवतच नाही. म्हणून चितारी गडद रंगाच्या शेजारी, उजेडाच्या बाजूला, एक उजळ रेघ देतो. सीताफळाचे डोळे त्या रेघेमुळे उठून दिसतात. बाबांनी चार हजार खेळण्यांच्या प्रत्येक तड्याला ती दिली होती. पारख तडा बघायला शिकलीच नव्हती. ती रेघ बघायला शिकली होती.

मला वाटलं आपण इथे थांबावं. पण एक गोष्ट तपासायची राहिली होती. पाय बदलले तेव्हा आम्ही बाबांना कार्बनतंतूच्या मोडक्या मांडीचा एक तुकडा नमुना म्हणून पाठवला होता. मग त्यांनी तो बघून काय केलं?

नोंदवही उघडली. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात चाळीस खेळण्यांची एक खेप आली होती. फोटो अजून होते. चाळीसही खेळण्यांच्या मांड्यांवर तडे होते, आणि एकालाही रेघ नव्हती. काळ्यावर काळं, हुबेहूब. त्या खेपेनं पारखचे चाचणीतले गुण खाली आले होते. पुढे शेरा होता: 'नुकसान स्पष्ट दिसत नाही. परत पाठवावीत. नेहमीसारखे रंगवावे.' शेरा माझा होता. तारीख, वेळ, माझं नाव.

"चहा घेणार?" इरफाननं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "आणि सबनीस मॅडम आहेत का बघ."

डॉ. सबनीस आमच्या प्रमुख. साठीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या. मी त्यांना तिन्ही आकडे दाखवले: सात, त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. मग शेरा दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तो फोटो कुणाचा आहे ते तुला माहीत आहे."

"हो."

"तू आज घरी जा."

"आधी कार्बनच्या पायांची खेचरं थांबवावी लागतील. एकशे चव्वेचाळीस आहेत."

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. दुपारपर्यंत ती थांबली. पुढच्या तीन दिवसांचे अहवाल मी वाचले. खेचराला तीन तास लागणाऱ्या उतारावर आता चार माणसं स्ट्रेचर उचलत होती आणि त्यांना नऊ तास लागत होते. मंगळवारी एक जखमी वाटेत गेला. त्याचं नाव अहवालात नव्हतं, फक्त वय होतं, तेवीस.

"किती खेळणी लागतील?" मॅडमनी विचारलं.

"साडेतीनशे. रेघ नसलेली."

"आणि रंगवणारा एकच." त्यांनी दाराकडे बघितलं, दार बंद होतं. "मिताली, वडिलांना एवढंच सांग की नवीन नमुना आलाय. ते खोटं नाही. अहवालात तुझा शेरा येईल, तो टाळता येणार नाही. पण तो अहवाल सावंतवाडीला कुणी वाचत नाही."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

मला ते खरंच बरोबर वाटलं. बाबांकडे गौरेशचं म्हणून आता एकच वाक्य उरलं होतं, आपल्या यंत्रानं त्याला उचललं हे. ते मी काढून घेतलं तर त्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. 

नमुना म्हणून त्याच फोटोचा तुकडा कापला. तितका जवळून, तितका स्पष्ट दुसरा फोटो नव्हता. मांडीचं कवच आणि तडा, बाकी काही नाही. हातभर कागदावर छापून घेतला आणि गावी गेले.

सकाळचे अकरा वाजले होते. बाबा पुढच्या खोलीत दाराच्या उजेडात बसले होते. आई सुपात उकडे तांदूळ निवडत होती.

"इलंस?" बाबा म्हणाले. "नमुनो खंय?"

मी कागद दिला. त्यांनी भिंग काढलं. बाबा एखादी गोष्ट बघायला लागले की ओठ आत घेतात. बराच वेळ तसे बसून राहिले.

"काळ्यार काळा," शेवटी म्हणाले.

"होय."

"रेघ?"

"रेघ नको. जसा आसा तसाच."

"आता नको?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरा."

त्यांनी पांढरा, काळा आणि थोडा निळा काढला. कार्बनचा काळा शुद्ध काळा नसतो. तीन थेंब मिसळले, खेळण्याच्या पोटावर लावून बघितले, पुसले. परत मिसळले. परत पुसले. अर्ध्या तासात त्यांनी असं नऊ वेळा केलं. हे कधी होत नसे.

"काय झाला?" मी विचारलं.

"फोटोतलो रंग वेगळो आणि वस्तूचो रंग वेगळो. मधलो उजेड काढून टाकूक व्हयो. थय उजेड कसलो होतो?"

"बर्फाचो. ढगाळ होता."

"बर्फाचो उजेड निळो येता. हो बघ." त्यांनी ब्रशचं मागचं टोक कागदावर टेकवलं, तड्याच्या डाव्या बाजूला. "हय हिरवो हा."

मी बघितलं. काळ्या कवचावर ओल होती आणि त्या ओलीवर डावीकडून अगदी पुसट हिरवट झाक आली होती. हजार वेळा पुढेमागे करूनही मला ती दिसली नव्हती. शेजारच्या वस्तूचा रंग उचलून आणणारा प्रकाश. माझाच विषय.

"झाडा असतली," मी म्हणाले.

"तू म्हणालंस थय झाडा नाय. गवतसुद्धा नाय."

बाबांनी भिंग आणखी जवळ नेलं.

"कापड आसा हय," बाबा म्हणाले. "ओला. जाड. बाजूकच." ते कागदाच्या कापलेल्या कडेवर बोट ठेवून होते. "तू कापलंस हो फोटो."

"होय."

"कित्याक?"

आईचे हात सुपात थांबले होते. मी मनात दोन उत्तरं तयार केली. दोन्ही चालली असती. पण बाबा त्या हिरव्या झाकेकडे बघत होते आणि तिचं मोजमाप करत होते, आणि मला कळलं की कापडाचा रंग ते संध्याकाळपर्यंत बरोबर काढतील. 

"सैन्यातली कांबळ आसा," मी म्हणाले. "ह्या गौरेशचा खेचर."

मग मी सगळं सांगितलं. सात, त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. रेघ कशी शिकली गेली ते. आकडे सांगताना माझा आवाज नीट होता. मी प्रयोगशाळेत बोलते तशी बोलत होते, फक्त मालवणीत.

"म्हणजे यंत्रान उचलल्यान, ता खरा?" आईनं विचारलं.

"उचलल्यान, आई. चारशे दहा मीटर."

"आणि मगे?"

"मगे पाय मोडलो."

बाबांनी ब्रश पाण्यात टाकला. "आणि मी लोकांक सांगी होतंय," ते म्हणाले, आणि वाक्य सोडून दिलं. ब्रश पाण्यात फिरवत राहिले. पाणी राखाडी झालं.

"माझी रेघ," ते म्हणाले.

इथे मी थांबू शकले असते. हे त्यांचं त्यांनी घेतलं होतं, मी दिलं नव्हतं.

"नाय," मी म्हणाले. "तुमी मे म्हयन्यात चाळीस केललात. रेघ नसलेली."

"केललंय. तो तुकडो बघून. परत इली."

"ती मी धाडलंय."

"शेरो सायबाचो होतो."

"माझो होतो. 'नेहमीसारखे रंगवावे.' मीच लिवलेलंय. यंत्राचे गुण कमी येत होते म्हणून."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर नाना मेस्त्री कुणाशी तरी बोलत चालले होते, त्यांनी दारातून आत डोकावलं, आमच्याकडे बघून पुढे गेले.

"मिया तेंच्यारच रंग चढवलंय," बाबा म्हणाले. "चाळीसय. रेघ मारलंय. दिसत होता माका चुकीचा. पण तू धाडलंस म्हणजे..." त्यांनी ब्रश फडक्यावर आडवा ठेवला. "किती व्हयी?"

"साडेतीनशे."

"कधी?"

"लवकर. माणसा खांद्यार आणतत आता."

"खोकी उघड," ते म्हणाले.

काम एकोणीस दिवस चाललं, तोवर मी घरीच राहिले. रेघ नसलेल्या खेळण्याला बाबांना आता पस्तीस मिनिटं लागायची. मी रंगाचा पहिला हात देऊन ठेवायचे, बाबा तडे करायचे. काही रंगवायचे, काही खरंच सुरीनं चिरायचे. रोज एकोणीस व्हायची, कधी सतरा. बाबा माझ्याशी बोलत होते, पण फक्त कामाचं. पाणी बदल. पांढरो दी. ह्या सुकला नाय. बाय म्हणून हाक मारायचे, ते बंद झालं. मिताली म्हणायचेही बंद झालं. हाक न मारता ते थेट वाक्य बोलायचे. जेवताना आई दोघांना वाढायची आणि स्वतः मागच्या दारी बसून जेवायची. 

मी याकडे एखाद्या प्रयोगासारखं बघत होते. मला अपेक्षा होती की कधीतरी काहीतरी फुटेल. सातव्या दिवशी बाबांनी ब्रश खाली ठेवला, दोन मिनिटं, आणि पुढचं खेळणं घेतलं. बाकी काही झालं नाही.

ओसरीवर कुणी आलं आणि गौरेशचं नाव काढलं की बाबा आता आत येऊन बसायचे. ते वाक्य त्यांनी परत कुणाला सांगितलं नाही.

खोकी गटागटानं पुण्याला जात होती. इरफान फोटो काढत होता. त्यानं एकदा फोन करून सांगितलं, "काकांना सांग, मी तडा शोधायला आता भिंग घेऊन बसतो. एक तर सापडलाच नाही, मला वाटलं रंगवायचा विसरले." मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "क्रमांक काय?" मी क्रमांक सांगितला. "उजव्या मांडयेर. खालसून," ते म्हणाले. इरफानला तो तिथेच सापडला.

विसाव्या दिवशी सकाळी नव्यानं शिकवलेल्या पारखचा पहिला निकाल आला. इरफाननं आकड्यांचा तक्ता पाठवला होता. धडधाकट पायावर नुसती रेघ: नऊ. खरे तडे असलेले सव्वीस फोटो: पंचवीस बरोबर. तक्त्यात शेवटच्या ओळीला सत्तेचाळीस क्रमांक होता. एक्याऐंशी. थांबव.

मी तो आकडा बराच वेळ बघितला. पुढच्या सोमवारपासून खेचरं परत उतारावर जाणार होती, आणि त्यासाठीच आम्ही हे केलं होतं.

"इलो निकाल," मी म्हणाले.

बाबा राहिलेले रंग डबीत भरत होते. "काय म्हणता?"

"बरोबर म्हणता. एक्याऐंशी. जावक देवचा नाय म्हणता."

त्यांनी डबीचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही म्हणून काढून परत लावलं.

"पुरो फोटो दाखव," ते म्हणाले.

"मी पण बघूक नाय, बाबा. ती बाजू."

"मगे दोघा बघूया."

मी लॅपटॉप दाराच्या उजेडापासून जरा आत वळवला आणि मूळ फोटो उघडला. बाबांनी भिंग हातात घेतलं. पडद्यावर त्याचा काही उपयोग नव्हता, तरी घेतलं. मी फोटो उजवीकडे सरकवला.

हिरवी कांबळ. तिच्यावर बर्फाचे बारीक कण. पट्टा, पट्ट्याचं बक्कल. चेहरा फोटोत नव्हता. कांबळीच्या बाहेर एक हात आला होता, मनगटापर्यंत मळलेला.

बाबा बघायला लागले. ओठ आत.

"बाही खाली सराकली हा," ते म्हणाले. "कोपराकडे. हात पडलेलो नाय. वर उचललेलो आसा."

मी जवळ गेले. तर्जनी सरळ होती, बाकीची बोटं मिटलेली. फोटोखाली लिहिलेली वेळ बघितली. ढगाळ हवा, दुपारचे चार, कॅमेऱ्याचं शटर एक अष्टमांश सेकंद उघडं होतं. त्या वेळात हात हलला असता तर बोटाच्या कडा पुसट आल्या असत्या. त्या पुसट नव्हत्या. हे मी बाबांना सांगितलं.

"म्हणजे धरून ऱ्हवललो," बाबा म्हणाले.

"होय. स्थिर."

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि स्वतःचं बोट पडद्याजवळ नेलं. गौरेशच्या बोटाच्या टोकापासून सरळ उजवीकडे. कांबळीची कड, मग काळं कवच, मग तडा. बोटाचं टोक आणि तडा यांच्यात चार बोटांचंही अंतर नव्हतं.

"तेका दिसलेला," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "बाय, तेका दिसलेला गो."

मी मान हलवली. कदाचित ऐकू आलं असेल. तड्याच्या कडा एकमेकींवर घासल्या की करकर होते, आणि तो त्या पायाच्या अगदी वर झोपला होता. हे मी बोलले नाही.

आई आतून आली. तिचे हात ओले होते, ते तिनं पदराला पुसले. ती आमच्या दोघांच्या मधून पडद्याकडे बघत राहिली. हात तिनं लगेच ओळखला. तिला बाही, कडा, काही बघावं लागलं नाही.

"कोणाक दाखवता तो?"

कॅमेरा एकतीस क्रमांकाच्या खेचराचा होता. वर चढवून देणारी माणसं तोपर्यंत चौकीत परत गेली होती, नोंदीत तसं लिहिलं आहे. 

"समोर यंत्र होता, आई," मी म्हणाले. "माणूस कोण नव्हता."

आई खाली बसली. तिचं तोंड आता पडद्याच्या अगदी जवळ होतं. ती त्या हाताशीच बोलली.

"दिसला रे झिला," ती म्हणाली. "दिसला आमका. खाली घे तो हात."